सिंगापूर व्हाया चौफुला

*पहिल्या फॉरेन ट्रिपला पक्षी बघायला गेले आणि तिथल्या एका अंकलनी माझीच विकेट काढली. मग ‘होमवर्क’ करायला शिरूर-दौंड गाठावं लागलं. त्या वीकएंडची ही गोष्ट.*

पहिली फॉरेन ट्रिप म्हटलं की पासपोर्टवरच्या पहिल्या शिक्क्याचं कोण कौतुक असतं! माझं ते कौतुकही हुकलं. सिंगापूरवाले हल्ली शिक्काच मारत नाहीत, नुसती ई-मेल पाठवतात. पण ते सोडा. गेल्या नोव्हेंबरात मावसबहिणीकडे सिंगापूरला गेले, तेव्हा मॉल आणि मर्लायन दोन दिवसांत उरकले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून एकटीच निघाले. क्रांजी स्टेशनपर्यंत ट्रेन, तिथून बस आणि मग सुंगेई बुलोह. हे सिंगापूरच्या उत्तर टोकाचं खारफुटीचं राखीव रान. १९९३ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि २००२ मध्ये त्याला संरक्षित दर्जा मिळाला. पक्षी बघायचा नाद मला लागून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. म्हणजे पाताळेश्वर, पाषाण तलाव आणि वेताळ टेकडी एवढीच आपली मजल. त्यामुळे परदेशात पक्षी बघायला मिळणार म्हणून मी जाम एक्साइट झाले होते.

तिथे पाणथळीच्या काठाला लाकडी आडोसे बांधलेत. आत बाकावर बसायचं आणि फटीतून बाहेर बघायचं. माणसं पिंजऱ्यात, पक्षी मोकळे! ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडत होता, आणि तेवढ्यात समोर एक भला थोरला पक्षी उतरला. पिवळी लांब चोच, पंखांवर काळी-पांढरी नक्षी आणि शेपटीकडे गुलाबी झाक. माझ्या तोंडून बारीकशी किंकाळीच निघाली. शेजारी साठीचे एक चिनी अंकल बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, ‘‘कुठून आलात?’’

‘‘इंडिया. पुणे.’’

ते हसले. ‘‘मग याला बघून काय ओरडता? हा पेंटेड स्टॉर्क. हे मूळचे आमचे नाहीतच. प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडलेल्यांची ही पिल्लावळ. अस्सल पेंटेड स्टॉर्क तर तुमच्याकडे!’’

पेंटेड स्टॉर्क म्हणजे आपला चित्रबलाक. मी सहा-सात तास विमानात बसून, आयुष्यातली पहिली फॉरेन ट्रिप करून, माझ्याच गावाकडचा पक्षी बघत होते. आणि तोही ‘डुप्लिकेट’!

पण खरी विकेट पुढे पडली. अंकलनी विचारलं, ‘‘पुण्याच्या आसपास इंडियन कोर्सर दिसतो ना? मला कधीचा बघायचाय. कसा पळतो हो तो?’’

मी मान डोलावली आणि दुर्बीण पुसायच्या निमित्तानं मोबाइलमध्ये गुपचूप शोधलं. इंडियन कोर्सर, मराठीत धाविक. कोरड्या माळरानावर राहतो. मी तो कधीही बघितला नव्हता. बघायला जावं हेसुद्धा कधी सुचलं नव्हतं. शेवटी खरं सांगून टाकलं. अंकल म्हणाले, ‘‘दिसला की मला फोटो पाठवा.’’ त्यांनी ई-मेल आयडी लिहून दिला. हा झाला माझा होमवर्क.

मोर दिसेल, पिसारा विसरा!

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे पाचला मी आणि माझी रूममेट तिच्या सेकंडहँड गाडीतून निघालो. अहिल्यानगर रस्ता, म्हणजे आपला जुना नगर रोड. वाघोलीचं ट्रॅफिक जागं व्हायच्या आत पार केलं. शिक्रापूरहून आत वळलं की कान्हूर मेसाईच्या बाजूला मोराची चिंचोली लागते. शिरूर तालुक्यातलं हे गाव पुण्यापासून साधारण ५५ किलोमीटरवर आहे. नावातच सगळं आलं. चिंचेची झाडं आणि त्यांवर मुक्कामाला मोर.

उजाडता उजाडता एकेक मोर झाडावरून खाली उतरतो आणि शेतातून, बांधावरून, कुणाच्या तरी गोठ्यामागून चालायला लागतो. अंगणात दाणे टाकायची इथे जुनी सवय आहे. रूममेट कॅमेरा रोखून बसली, पण पिसारा काही फुलेना. आम्हाला चहा देणाऱ्या मावशींनी तिचा हिरमुसला चेहरा बघितला आणि म्हणाल्या, ‘‘पोरी, नाच बघायचा तर पावसाळ्यात यायचं. आत्ता कुठं पिसं भरायला लागलीत.’’

फंडा असा, की पावसाळा हा मोरांचा विणीचा हंगाम. तो सरला की मोर ती लांब पिसं गाळून टाकतात आणि पुढचे काही महिने नवी पिसं वाढत राहतात. थंडीत आलेल्या पाहुण्यांना ‘आखूड’ मोर दिसतो तो यामुळे. आम्ही मात्र निराश झालो नाही. बाजरीची भाकरी, पिठलं, वर कोवळा हुरडा, आणि समोर डौलात चालणारे अकरा मोर. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरसुद्धा मोर मोकळे फिरतात आणि टुरिस्ट त्यांच्यामागे धावतात. इथे मोरामागे कुणीच धावत नव्हतं. मावशी तर त्याला ‘हो बाजूला’ म्हणून झाडू मारत होत्या.

रस्ता ओलांडला की देश बदलतो

रांजणगावच्या गणपतीला बाहेरूनच नमस्कार करून आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या बसेस चुकवत शिरूरला पोचलो. घोड नदीकाठचं हे गाव. जुने लोक अजून घोडनदीच म्हणतात. इथून न्हावरामार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता पकडला. हा रस्ता शिरूर आणि दौंड तालुके जोडतो. मध्ये भीमा ओलांडावी लागते. दोन्ही अंगांना ऊसच ऊस, तारेवर कोतवाल आणि मधूनच निळ्या पंखांचा झपकन उडणारा नीलपंख. बिबट्यांच्या बातम्या वाचलेल्या असल्यामुळे रूममेटनं उसाच्या कडेला गाडी थांबवायला साफ नकार दिला.

सोलापूर रोडवरचा चौफुला मागे टाकून सुप्याकडे वळलात की दहा-पंधरा मिनिटांत चित्र बदलतं. ऊस संपतो, पाणी संपतं. सह्याद्रीनं पाऊस अडवून धरल्यावर जे उरतं ते इथे पडतं. समोर नुसतं पिवळं गवत, मधूनमधून बोरी-बाभळी आणि डोक्यावर भलं मोठं आकाश. रूममेट म्हणाली, ‘‘इथे काहीच नाहीये यार!’’

गंमत म्हणजे सरकारी कागदांचंही साधारण हेच मत असतं. सात-बारावर ‘पोटखराब’, बोलण्यात ‘पडीक’, आणि देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात अशा गवताळ, झुडपी जमिनी ‘वेस्टलँड’ म्हणून मोडतात. पण माळ म्हणजे जंगल तोडल्यावर उरलेली ओसाड जागा नव्हे. कमी पावसाच्या मुलखातली ती मुळातलीच व्यवस्था आहे. तिथे राहणारी मंडळीही वेगळी. झाडांवर नाही, जमिनीवर घरटी करणारी. माळढोक त्यातलाच. त्याच्यासाठी याच सोलापूर रोडच्या पुढच्या टोकाला, नान्नजला, १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आज देशभरात मोकळ्या रानात दीडशे माळढोकही उरलेले नाहीत.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य बारामती तालुक्यात येतं. नाव मोरगावच्या गणपतीवरून पडलेलं. ते १९९७ मध्ये जाहीर झालं आणि क्षेत्रफळ जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारा हे इथलं मुख्य आकर्षण. आत शिरून पाच मिनिटं झाली नाहीत तोच गवतातून तीन चिंकारा उभे राहिले, आमच्याकडे रोखून बघितलं आणि उड्या मारत नाहीसे झाले. मग डोळा हळूहळू सरावला. बाभळीच्या शेंड्यावर डोळ्यांना काळी पट्टी बांधल्यासारखा खाटीक. पायवाटेवर मातीच्याच रंगाचे चंडोल. सूं करून डोक्यावरून गेलेला पखुर्डींचा थवा. ‘काहीच नाहीये’ म्हणणारी रूममेट तासाभरात यादी लिहायला लागली. तेवीसपर्यंत मजल गेली!

कझाकस्तानहून मुक्कामाला

संध्याकाळी साडेपाचनंतरचा खेळ मात्र मी जन्मात विसरणार नाही. उन्हं कलली आणि गवताच्या अगदी वरून, जेमतेम पुरुषभर उंचीवरून, एक शिकारी पक्षी तरंगत आला. पंख इंग्रजी व्ही आकारात उचललेले. तो पुढे जायचा, वळायचा, परत यायचा. हा भोवत्या. मग दुसरा आला. मग आणखी तीन. अंधार पडेपर्यंत आम्ही चौदा मोजले. घिरट्या घालता घालता एकेक भोवत्या गवतात उतरत होता, रात्रीच्या झोपेला.

हो, जमिनीवर! एवढा मोठा शिकारी पक्षी, पण हिवाळ्यात तो गवतातच झोपतो. उन्हाळ्यात कझाकस्तान-रशियाच्या गवताळ प्रदेशांत पिल्लं वाढवायची आणि थंडी सुरू झाली की हजारो किलोमीटर उडत आपल्याकडे यायचं. दिवसभर माळावर आणि शेतांवर नाकतोडे, टोळ, उंदीर खायचे, म्हणजे शेतकऱ्याचं काम फुकटात करायचं. तिकडचं गवत सोडून निघालेल्या या पाहुण्याला इथेही गवतच लागतं. झाडं नकोत, गवत.

आणि इथे मला घाम फुटला.

कारण तीन वर्षांपूर्वी, मी नोकरीत होते तेव्हा, आमच्या ऑफिसनं एका शनिवारी आम्हाला बसमध्ये भरून अशाच एका माळावर नेलं होतं. सीएसआर ॲक्टिव्हिटी. टी-शर्ट, टोपी, सँडविच आणि प्रत्येकी दहा रोपं. ‘उजाड माळ हिरवा करू या’ असा बॅनर होता. मी दहाच्या जागी चौदा लावली आणि फोटोला शंभरावर लाइक्स मिळवले. त्या माळावर कुणी राहत असेल असा विचार आमच्या दोन बसमधल्या एकाच्याही डोक्यात आला नव्हता. रोपं जगली असतील तर तिथे आता सावली असेल. पण उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्यांनी आणि गवतात झोपणाऱ्यांनी ती जागा सोडली असणार.

आपण सगळेच हे करतो, चांगल्या मनानं करतो. म्हणून पुढच्या वेळी एचआरची ‘ट्री प्लँटेशन ड्राइव्ह’ची ई-मेल आली की एकच प्रश्न विचारा: जागा कुठली? शहरातला रस्ता असेल, शाळेचं आवार असेल, तुटलेलं जंगल असेल, तर जरूर जा. गवताचा माळ असेल तर मात्र पक्ष्यांची माहिती असलेल्या कुणाला तरी आधी विचारा.

‘ताई, ते जेवतायत’

रात्री दौंडला मुक्काम केला. लॉज साधाच. जेवण झाल्यावर स्टेशनात चहा प्यायला गेलो. सोलापूर आणि मनमाडकडच्या लायनी इथे फुटतात, त्यामुळे दौंड जंक्शन रात्रभर जागं असतं. कुणाची तरी गाडी लेट, कुणी पेपर अंथरून आडवं झालेलं. भोवत्यांसारखेच सगळे एका रात्रीचे मुक्कामी.

रविवारी पहाटे कुरकुंभमार्गे भिगवण. दौंड तालुका ओलांडला की लगेच इंदापूर तालुक्यातलं हे गाव, पुण्याहून साधारण १०५ किलोमीटर. १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा इथपर्यंत पसरला. कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पाणी खूप आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून उघडं पडतं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांतले काही मासेमारीकडे वळले, आणि आता कुंभारगाव-डिकसळचे मच्छीमार पक्षी दाखवणारे गाइड झालेत. लॅटिन नावं त्यांना येत नसली तरी कुठला पक्षी कुठल्या वळणावर बसतो हे त्यांना तोंडपाठ.

धुक्यातून होडी निघाली. चमच्यासारखी चोच पाण्यात फिरवणारे चमचे, केशरी चक्रवाक, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हंस. हे हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांना ७ हजार मीटरहून जास्त उंचीवर उडताना नोंदवलंय. आणि मग उथळ पाण्यात, फिकट गुलाबी रांग... फ्लेमिंगो! दोन-अडीचशे तरी असतील. माना खाली, चोची उलट्या करून चिखल गाळत चालले होते.

धरणातून कालव्यांना पाणी सुटतं, पातळी उतरते, काठचा चिखल उघडा पडतो आणि मग फ्लेमिंगोंचं ताट वाढलं जातं. म्हणूनच ज्या वर्षी उजनी तुडुंब असते त्या वर्षी ते उशिरा येतात.

मी काय करावं? मी म्हटलं, ‘‘दादा, अजून थोडं जवळ घ्या ना. फोटो नीट येत नाहीये.’’

दादांनी वल्हं थांबवलं. म्हणाले, ‘‘ताई, ते जेवतायत.’’

मी हट्टानं, ‘‘थोडंसंच!’’

बाजूनं दुसरी एक होडी आली. तिच्यातल्या पाहुण्यांना हीच घाई होती. ती पुढे सरकली आणि अख्खा थवा उठला. पंखांतला लाल-काळा रंग एकदम उघडला. होडीतले लोक ‘वॉव’ म्हणून ओरडले. फोटो सॉलिड आले, माझेसुद्धा. थवा मात्र लांब पार पलीकडच्या काठाला जाऊन बसला. दादा शांतपणे म्हणाले, ‘‘दिवसातनं दहा होड्या आल्या, दहादा उडवलं, तर त्यांनी खायचं कधी? एवढं लांबनं आलेत बिचारे. आमचं पोट त्यांच्यावर, ते उपाशी गेले तर पुढच्या वर्षी कशाला येतील?’’

सुंगेई बुलोहच्या आडोशात मी दोन तास तोंडातून शब्द न काढता बसले होते. बाहेरदेशी शिस्त पाळणारी मी, घरी आल्यावर तीन मिनिटांत बदलले होते. दादांना सॉरी म्हटलं. ते नुसते हसले आणि होडी हळूच वळवून आम्हाला बाभळींच्या दिशेनं घेऊन गेले. तिथे, कोवळ्या उन्हात, मान खांद्यात घेऊन चित्रबलाक उभे होते. अस्सल. दोन, पाच, नऊ. इथून जवळच भादलवाडीच्या तलावात, पाण्यातल्या बाभळींवर त्यांची वसाहत आहे. या वेळी मी किंकाळी मारली नाही.

आणि धाविक?

परत येताना दौंड तालुक्यातल्या एका गायरानाशी गाडी थांबवली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पक्षी बघणाऱ्यांत ही पद्धतच आहे. दुपारचे बारा, ऊन चटचटतंय, रूममेट वैतागलेली. आणि समोर मातीचं एक ढेकूळ पळालं. थांबलं. ताठ उभं राहिलं. परत पळालं, परत थांबलं. डोक्यावर विटकरी टोपी, डोळ्यामागून गेलेली पांढरी-काळी रेघ, खाली उंच पांढुरके पाय. धाविक! एक नाही, चार. वाऱ्यानं लोटल्यासारखे पळायचे आणि कुणीतरी ‘स्टॅच्यू’ म्हटल्यासारखे थांबायचे.

अंकलच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. गाडीतून न उतरता, खिडकीतूनच फोटो काढले. हललेले आलेत, पण ओळखू येतात.

त्याच फोटोत, धाविकांच्या मागे, लाल-पांढऱ्या झेंड्यांची एक रांगही आलीय. गायरान जिथे संपतं तिथून प्लॉटिंग सुरू झालंय. ‘एनए प्लॉट, हप्त्यांची सोय, निसर्गाच्या सान्निध्यात’ असा बोर्ड. धाविकाला बोर्ड वाचता येत नाही. तो झेंड्यांच्या अलीकडे-पलीकडे सारखाच पळत होता.

फोटो अंकलना पाठवला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: ‘येत्या जानेवारीचं पुण्याचं तिकीट काढतोय. मला त्याच जागी न्याल ना?’

मी ‘नक्की’ असं लिहिलंय. आणि दिवाळी झाली की एकदा जाऊन ते झेंडे कुठवर आलेत ते बघून येणार आहे.

कसं जाल? काय पाळाल?

कधी: भोवत्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फ्लेमिंगोंसाठी जानेवारीनंतर, उजनीचं पाणी उतरलं की. मोरांचा नाच बघायचा असेल तर पावसाळ्यात मोराची चिंचोली.

रूट: पुणे–शिक्रापूर–मोराची चिंचोली–शिरूर–न्हावरा–चौफुला–सुपे, दौंडला मुक्काम, दुसऱ्या दिवशी भिगवण. गाडी नसेल तर दौंड आणि भिगवण दोन्हीकडे रेल्वे स्टेशन आहे. भिगवणहून कुंभारगावला जायला वाहन आधी ठरवून ठेवा.

काय न्याल: दुर्बीण, टोपी, भरपूर पाणी, मातकट रंगाचे कपडे. लाल जॅकेट कॉलेजच्या गॅदरिंगला ठेवा.

काय पाळाल: माळावर गाडी वाटेवरच ठेवा, गवतात घालू नका, चाकाखाली अंडी असू शकतात. होडीवाल्या दादांना ‘जवळ घ्या’ म्हणू नका. आणि घरट्याची जागा सोशल मीडियावर टाकू नका.